द्रासच्या स्मारकासाठी एक दिवस : वाचकांचे प्रश्न

मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी काश्मीर-लडाखला घालवू पाहणाऱ्या वाचकांनी द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकाबद्दल बरंच काही विचारलं आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडून घेतले आहेत.

प्रश्न : मे महिन्यात श्रीनगरला पाच रात्रींचं बुकिंग आहे. सोबत आठ आणि बारा वर्षांची मुलं, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. गाडीवाला म्हणतो, द्रास सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. खरं आहे का? (ठाणे)

खरं आहे, पण तुमच्या घरच्यांसाठी नाही. श्रीनगर ते सोनमर्ग ८० किलोमीटर, तिथून द्रास गाव साठ-पासष्ट, आणि स्मारक गावाच्या पुढे कारगिलच्या दिशेने आणखी सहा-सात किलोमीटर. जाऊन-येऊन तीनशे. सपाट महामार्गावर हे काहीच नाही. इथे मध्ये झोजी ला हा उंच घाट आहे. सरासरी वेग ताशी तीस धरा, म्हणजे दहा तास नुसते गाडीत. स्मारकावर तीन तास घालवायचे, दोन वेळचं खाणं, अधूनमधून थांबणं, की पहाटे पाचला निघून रात्री नऊला हॉटेल. यात घाटात एखादा ट्रक अडकला तर पहिली कात्री स्मारकावरच्या वेळेला लागते. बहुतेक मंडळी तिथे पोहोचून पाऊण तासात फोटो काढून परत फिरतात ती याच कारणाने.

पाच रात्रींपैकी एक सोनमर्गला हलवा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सोनमर्ग गाठा आणि संध्याकाळी आराम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालात तर साडेनऊच्या सुमारास द्रास, तिथे नाश्ता करून दहाला स्मारक. साडेबारा-एकला परत फिरा. दुपार चढते तसं वरचं बर्फ वितळून रस्त्यावर पाणी आणि दगड येतात, म्हणून अडीच-तीनच्या आत झोजी ला मागे टाकलेला बरा. चारपर्यंत सोनमर्ग, हवं तर सातपर्यंत श्रीनगर.

एक गैरसमज पत्रांत वारंवार दिसतो : आता बोगदा झाला, म्हणजे घाट टळला. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेला साडेसहा किलोमीटरचा बोगदा गगनगीर ते सोनमर्ग या टप्प्यावरचा आहे. त्यामुळे सोनमर्ग हिवाळ्यातही गाठता येतं. झोजी लाचा बोगदा वेगळा. तेरा किलोमीटरच्या आसपास लांबीचं ते काम अजून चालू आहे. तुम्हाला घाट चढावाच लागेल. बालटालच्या, म्हणजे सोनमर्गकडच्या, बाजूची चढण तीव्र आणि वळणावळणांची आहे, पलीकडे लडाखच्या बाजूला उतार सौम्य आहे. उलटीचा त्रास होणारच असेल तर तो पहिल्या पाऊण तासात होतो. मुलांना रिकाम्या पोटी बसवू नका आणि भरल्या पोटीही नाही. दोन बिस्किटं, अर्धा कप चहा पुरे. गोळी द्यायची तर निघण्याआधी अर्धा तास.

घाटातली वाहतूक पोलीस ठरवतात. दुसऱ्या दिवसाची सूचना आदल्या संध्याकाळी निघते : अवजड वाहनं कोणत्या दिशेने सोडणार, लहान गाड्यांना सोनमर्गहून आणि पलीकडे मिनामर्गहून किती वाजेपर्यंत सोडणार. त्या वेळेनंतर गाडी सोडत नाहीत, विनवण्या केल्या तरी नाही. जाण्याची वेळ सगळे पाहतात; परतीची मिनामर्गची वेळ पाहायला विसरतात आणि मग द्रासला मुक्काम पडतो. हॉटेलवाल्याला दोन्ही वेळा विचारून लिहून ठेवा.

गाडीवाल्याशी तीन गोष्टी आधी ठरवा आणि मोबाइलवर लेखी घ्या. गाडी झोजी लाच्या पलीकडे, द्रास गावाच्याही पुढे, थेट स्मारकापर्यंत जाणार. तिथे तीन तास थांबणार. घाट बंद निघाला तर किती पैसे द्यायचे. सोनमर्गला ‘झीरो पॉइंट’ची सहल विकतात, ती घाट ओलांडल्यावर लागणाऱ्या बर्फापर्यंतच असते, स्मारक तिथून बरंच लांब. त्या सहलीला स्थानिक संघटनेचीच टॅक्सी लागते, श्रीनगरची गाडी चालत नाही. द्रासला जाणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे, पण ‘आमची गाडी सोनमर्गपुढे जात नाही’ हे वाक्य तिथे पोहोचल्यावर ऐकायला मिळू नये, म्हणून हा लेखी खटाटोप.

प्रश्न : आम्हाला जुलैअखेर किंवा दिवाळीत सवड आहे. कोणतं बरं? विजय दिवसालाच पोहोचावं असं मुलांना वाटतं. (कोल्हापूर)

२६ जुलैला, म्हणजे कारगिल विजय दिवसाला, नको. त्या दिवशी आणि आदले दोन दिवस स्मारकावर शहीदांचे कुटुंबीय, युद्धात लढलेले सैनिक आणि निमंत्रित असतात. बंदोबस्त कडक, रस्त्यावर ताफे, द्रास-कारगिलमधल्या खोल्या आधीच भरलेल्या. तो दिवस मुळात त्यांचा आहे, आपण गर्दी वाढवण्यात अर्थ नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रा बालटालमार्गे चालू असते, त्यामुळे श्रीनगर-सोनमर्ग टप्प्यावर ठरावीक वेळांनंतर गाड्या थांबवतात. यात्रेच्या काळात वर दिलेलं वेळापत्रक कोलमडतं. लडाखच्या बाजूने, म्हणजे कारगिलला मुक्काम करून येणाऱ्यांना मात्र ही अडचण नाही.

दिवाळीत हवा स्वच्छ असते, शिखरं लख्ख दिसतात, गर्दी नसते. धोका एकच : ऑक्टोबरच्या मध्यानंतर एखादी बर्फवृष्टी झाली की झोजी ला एक-दोन दिवस बंद. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी द्रास ठेवू नका. मध्ये एक मोकळा दिवस असू द्या.

निवड करायची मोकळीक असेल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. मेमध्ये घाटात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, मुलं खूश होतात, पण रस्ता चिखलाचा असतो. सीमा सडक संघटना घाट दर वर्षी लवकर मोकळा करते (२०२५ मध्ये तो १ एप्रिललाच सुरू झाला), म्हणून एप्रिलमध्ये जाणं शक्य झालंय. तरी आम्ही एप्रिल सुचवणार नाही. हिमस्खलनाचा काळ अजून संपलेला नसतो.

प्रश्न : लेहला विमानाने उतरून श्रीनगरहून परत येणार आहोत. स्मारक वाटेत उरकता येईल ना? (पुणे)

येईल, आणि खरं तर हाच उत्तम मार्ग. लेह-कारगिल सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. मध्ये ४१०८ मीटर उंचीचा फोतू ला घाट आणि लामायुरूचा मठ. लेह सोडल्यावरची पहिली रात्र कारगिलला काढा. सकाळी आठला निघालात की दीड तासात स्मारक. तीन तास तिथे घालवून दुपारी झोजी ला ओलांडा, रात्री सोनमर्ग किंवा श्रीनगर. ‘उरकणं’ मात्र मनातून काढा. लेहहून एकाच दिवसात श्रीनगर गाठणारे स्मारकावर पोहोचतात तेव्हा त्यांना फक्त चहा आणि स्वच्छतागृह हवं असतं.

कारगिलला एक दिवस जास्त मिळाला तर हुंदरमानला जा. हे गाव १९७१ पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं, नंतर भारतात आलं. जुनी दगडी वस्ती रिकामी आहे. तिथल्या घरातच छोटं संग्रहालय केलं आहे. वाटेत नियंत्रण रेषेपलीकडची गावं दिसतात. द्रासला युद्ध कळतं आणि इथे रेषा म्हणजे काय ते. ओळखपत्र जवळ ठेवा. भारतीय नागरिकांना द्रास आणि कारगिलसाठी वेगळा परवाना लागत नाही.

प्रश्न : वडिलांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. द्रासची उंची झेपेल का? प्राणवायूचा डबा न्यावा का? (नागपूर)

श्रीनगर १५८५ मीटरवर, सोनमर्ग २७०० च्या थोडं वर, झोजी ला ३५२८, द्रास ३२०० ते ३३०० च्या दरम्यान. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. चार पावलं भरभर टाकली तरी धाप लागते, हे सगळ्यांनाच होतं.

विरळ हवेचा खरा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, उंचीवर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि तो मुख्यतः तुम्ही कुठे *झोपता* यावर ठरतो. सोनमर्ग किंवा कारगिलला (सुमारे २७०० मीटर) मुक्काम करून द्रासला तीन तास जाऊन येणाऱ्याला तो सहसा होत नाही. घाटात होणारी उलटी बहुतेकदा वळणांमुळे असते. तिला ‘ऑक्सिजन कमी झाला’ समजून घाबरू नका. उलट, लेहला विमानाने उतरलेल्यांनी पहिले दोन दिवस लेहमध्येच थांबायला हवं, कारण तिथे पहिलीच रात्र ३५०० मीटरवर जाते.

रक्तदाब औषधाने आटोक्यात असेल तर वडिलांना साधारणपणे हरकत नसते, पण तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. अ‍ॅन्जिओप्लास्टी झालेली असेल, दमा असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची नसते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. बाजारात मिळणारा छोटा प्राणवायूचा डबा काही मिनिटांत संपतो. त्यावर खर्च करण्यापेक्षा पाण्याची बाटली जास्त न्या. डोकं वाढत्या प्रमाणात दुखत राहिलं, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर एकच उपाय, लगेच खाली उतरणं.

कपड्यांचं म्हणाल तर जूनमध्येही दुपारी ऊन चटके देतं आणि ढग आला की पाच मिनिटांत हुडहुडी. जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जॅकेट कामाचं. हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन हवंच.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. स्मारकावर नेमकं काय पाहावं, कोणत्या क्रमाने? समोर दिसणारी शिखरं कोणती हे ओळखता येईल का? (सातारा)

या प्रश्नाबद्दल आभार. खरी तयारी इथेच लागते. तयारीशिवाय गेलेल्या माणसाला तिथे एक नीटनेटकी बाग, मोठा झेंडा आणि मागे करड्या टेकड्या दिसतात.

आधी रस्ता समजून घ्या. ज्या महामार्गाने तुम्ही आलात तो श्रीनगर-लेह मार्ग हाच १९९९ च्या युद्धातला कळीचा मुद्दा होता. स्मारकाच्या पाठीमागे उभी आहे ती तोलोलिंगची डोंगररांग. तिच्यावर बसलेल्या माणसाला खालच्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी दिसते आणि तो तोफखान्याला अचूक नेम सांगू शकतो. म्हणून तोलोलिंग आधी घेणं भाग होतं. पहिले प्रयत्न फसले, माणसं गेली. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने ते घेतलं. मुलाला स्मारकाच्या अंगणात उभं करून विचारा : रात्री या उघड्या उतारावरून चढायचं, वरून मशीनगन चालू, आडोशाला झाड नाही; कुठून जाशील? एवढं केलंत तरी सहल वसूल.

तोलोलिंगनंतर २० जूनला आपल्या सैन्याने पॉइंट ५१४० हे शिखर घेतलं. हा आकडा म्हणजे नकाशावर नोंदवलेली मीटरमधली उंची. ज्या शिखरांना नाव नव्हतं ती अशीच ओळखली जात. २०२२ मध्ये तोफखान्याच्या सन्मानार्थ ५१४० चं नाव ‘गन हिल’ ठेवलं, त्यामुळे माहिती सांगणाऱ्या जवानाच्या तोंडी दोन्ही नावं येतात. पॉइंट ४८७५ ला आता ‘बत्रा टॉप’ म्हणतात. टायगर हिल हा टोकदार सुळका, उंची ५०६२ मीटर. ४ जुलैला तो १८ ग्रेनेडियर्सने घेतला, ८ शीखच्या तुकड्याही त्या लढाईत होत्या. कोणता सुळका कोणता हे जवानाला बोट करून दाखवायला सांगा, कारण पर्यटक हमखास सगळ्यात जवळच्या टोकाला टायगर हिल समजून फोटो काढतात.

तिथे ठरावीक वेळाने एक जवान हिंदीतून युद्धाची माहिती देतो. पोहोचल्यावर पहिलं काम, पुढची वेळ विचारणं. आमच्या मते क्रम असा ठेवावा : आधी जवानाचं निवेदन, मग मनोज पांडे दालन, मग वीर भूमी (नावांच्या दगडांची जागा) आणि सगळ्यात शेवटी नावांची भिंत. बहुतेक लोक फाटकातून विजय पथावरून सरळ भिंतीपाशी जातात आणि तिथून परततात. दालनातला भूप्रदेशाचा नमुना पाहून, छायाचित्रं आणि हस्तगत केलेली शस्त्रं पाहून मग भिंतीवरची पितळी अक्षरं वाचली तर त्या नावांमागे जागा आणि तारखा उभ्या राहतात.

दालनाला नाव कॅप्टन मनोजकुमार पांडे यांचं असलं तरी ते द्रासला लढले नाहीत. १/११ गोरखा रायफल्सचे पांडे बटालिक भागातल्या खालूबारला धारातीर्थी पडले; ते ठिकाण कारगिलच्या पलीकडे आहे, इथून दिसत नाही. या युद्धातल्या परमवीर चक्राच्या चार मानकऱ्यांपैकी बाकी तिघे मात्र याच आसमंतात लढले : ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव टायगर हिलवर, रायफलमन संजय कुमार आणि कॅप्टन विक्रम बत्रा पॉइंट ४८७५ च्या लढाईत. पांडे आणि बत्रा यांना ते मरणोत्तर मिळालं. यादव आणि संजय कुमार त्या लढायांतून जिवंत परतले. या युद्धात भारताचे ५२७ सैनिक कामी आले. वीर भूमीत नावांचे दगड ओळीने आहेत. तिथे घाई करू नका, दोन-चार नावं, गावं आणि पलटणी मुलाला वाचू द्या. नागालँडपासून राजस्थानपर्यंतची माणसं एकाच डोंगरावर आली होती, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा तिथे जास्त पटतं.

बोफोर्स तोफही पाहा. १५५ मिलिमीटरची ही तोफ डोंगरापलीकडे मारा करण्यासाठी बनलेली, पण द्रासला तिचा मारा थेट समोर दिसणाऱ्या शिखरांवरही केला गेला. तोफेवर चढून फोटो काढायला मनाई आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या जवानाचं नाव भिंतीवर आहे. ते शोधायचं आणि फूल वाहायचं आहे. (सांगली)

पूर्ण नाव, हुद्दा, पलटण आणि वीरमरणाची तारीख कागदावर लिहून न्या. पलटण महत्त्वाची; नुसत्या आडनावावरून शोधताना अर्धा तास जातो आणि हिंदी-इंग्रजी लेखनात मराठी आडनावं बदललेली असतात. कागद तिथल्या जवानाच्या हाती दिला की तो स्वतः घेऊन जातो. घरच्यांपैकी कोणी सोबत असेल तर तसं फाटकावरच सांगा. फुलं कारगिल-द्रासला मिळतील या भरवशावर राहू नका, श्रीनगरहून न्या आणि ती कुठे ठेवायची हे विचारूनच ठेवा. नारळ फोडणं, उदबत्ती, गुलाल नको. घोषणा द्यायचा मोह आवरा. शेजारी कोणाची तरी आई उभी असू शकते.

फोटो कुठे चालतात हे फलकांवर लिहिलेलं असतं. ड्रोन अजिबात नाही. वाटेतल्या पुलांचे, ताफ्यांचे, छावण्यांचे फोटोही नकोत.

प्रश्न : मोबाइल, पैसे, जेवण यांचं काय? (छत्रपती संभाजीनगर, मुंबई)

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही; पोस्टपेड चालतं. घरात एक तरी पोस्टपेड असू द्या. घाटात तेही मध्ये मध्ये जातं, त्यामुळे फोनवरून पैसे देण्यावर विसंबू नका, रोख ठेवा. पेट्रोल श्रीनगर सोडताना किंवा कारगिलला पूर्ण भरा. स्मारकाला तिकीट नाही, पण आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, मुलांचंही न्या. आवारात लष्कराचं उपाहारगृह आणि भेटवस्तूंचं दुकान आहे. पोटभर जेवण द्रास बाजारात : राजमा-भात, डाळ, रोटी. पूर्ण शाकाहारी स्वयंपाक वेगळा हवा असेल तर दशम्या आणि चटणी बरोबर नेलेली बरी.

प्रश्न : आमचं विमान दिल्लीमार्गे आहे, मध्ये एक संध्याकाळ मिळते. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक तेवढ्या वेळात होईल का? (नाशिक)

दोन तास पुरेत आणि संध्याकाळच योग्य. ग्रॅनाइटचं उघडं आवार उन्हाळ्यात दुपारी तापलेलं असतं. सूर्यास्ताआधी तासभर पोहोचा. रोज संध्याकाळी एखाद्या हुतात्म्याचे नातेवाईक तिथे पुष्पचक्र वाहतात, तो छोटा समारंभ चुकवू नका. २०१९ मध्ये उघडलेल्या या स्मारकात चार वर्तुळं आहेत. वीरता चक्रातली सहा कांस्य भित्तिशिल्पं धुळे जिल्ह्यातले शिल्पकार राम सुतार यांची. त्यांत लोंगेवाला, रेझांग ला आणि सियाचिनच्या मोहिमा आहेत. त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर वीरमरण आलेल्यांची नावं कोरलेली आहेत, कारगिलची नावं तिथेही सापडतील. प्रवेश विनामूल्य. खान मार्केट किंवा केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकावरून रिक्षा घ्या, चालत अंतर वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. मोठ्या बॅगा आत नेता येणार नाहीत असं धरूनच त्या हॉटेलवर ठेवा. जानेवारीत जाणार असाल तर प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे कर्तव्य पथाभोवतीचे रस्ते बंद असतात, तेव्हा तारीख पाहूनच हा बेत करा.